भावाच्या इग्वानाला उचलताना

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा पोलादाच्या प्लांटने दिलेल्या त्याच्या क्वार्टरमध्ये दोन जीव मागे उरले. एक आमची आई आणि दुसरा साडेचार फूट लांबीचा इग्वाना. लोक आईला भेटायला यायचे आणि इग्वानाला बघून जायचे. आईसमोर पाच मिनिटं मान खाली घालून बसायचं, मग हळूच आतल्या खोलीकडे नजर टाकायची, आणि निघताना मोबाइल काढून पिंजऱ्याशेजारी उभं राहायचं. एकाने तर फोटो काढताना हसू आवरायचा प्रयत्नही केला नाही. तो माझ्या भावाबरोबर एकाच शिफ्टमध्ये काम करायचा.

पाळीव प्राणी मला आवडत नाहीत हे आधीच सांगून टाकते. त्यातही एवढा मोठा सरडा घरात ठेवणाऱ्या माणसाविषयी आदर वाटावा असं मला कधी काही सापडलं नाही, आणि त्या माणसाने माझ्याच आईच्या पोटी जन्म घेतला म्हणून माझं मत बदललं नाही. कुत्रा निदान ओळख दाखवतो. हा प्राणी दिवसभर एका फांदीवर पडून राहायचा, एका डोळ्याने आपल्याकडे आणि दुसऱ्याने भिंतीकडे बघायचा, आणि दोन्हींत त्याला सारखाच कमी रस असायचा. सेक्टरमधले लोक त्याला घोरपड म्हणत आणि घोरपड पाळणं गुन्हा आहे, एक दिवस पोलीस येतील, असं एकमेकांना सांगत. भावाने म्हणून सरकारी नोंदणीचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता. ती फ्रेम बाबांच्या फोटोच्या फ्रेमपेक्षा मोठी होती. पिंजरा त्याने हथखोजच्या एका छोट्या कारखान्यातून वेल्ड करून आणला होता, छताला टेकणारा. त्या खोलीत पूर्वी माझा पलंग होता.

मी दुर्गला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि तिथेच दोन खोल्यांत एकटी राहते. भावाचं घर अर्ध्या तासावर. तो प्राणी सहा वर्षं त्या घरात होता, आणि सहा वर्षांत मी त्या खोलीत चार वेळा गेले असेन. दिवाळीला जायचे, पुढच्या खोलीत बसायचे, चिवडा खायचे, परत यायचे. भाऊ म्हणायचा, "बाई, एकदा हातावर त घेऊन पाय. काही करत नाई तो." मी म्हणायचे, "काही करत नाही, हीच तर तक्रार आहे." तो हसायचा. हा विनोद मी सहा दिवाळ्या केला आणि सहाही वेळा तो हसला.

आईच्या हातावर जखम झाली ती तेरवीच्या दिवशी.

दुपारी जेवणं चालू होती. घर माणसांनी भरलेलं. आईने रोजच्या सवयीने पिंजरा उघडून त्याला कडेवर घेतलं, कारण ती त्याची मागच्या अंगणातल्या उन्हात बसायची वेळ होती. एवढी माणसं, एवढ्या थाळ्यांचा आवाज. तो बिचकला आणि तिच्या दंडावरून खांद्यावर चढून लुगड्याला घट्ट धरून बसला. आई शांत उभी होती. पण माझे काका तिथे होते.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. प्लांटमध्ये सेफ्टीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना हेल्मेटचा पट्टा नीट बांधायला सांगितलं आणि तेच काम घरी पुढे चालू ठेवलं. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे कायम असतात. भट्टीजवळच्या कामाचे. त्यांनी ते घातले, "वहिनी, हलू नका!" असं ओरडले, वरून झडप घालून त्या प्राण्याला कमरेला धरलं आणि ओढलं.

मीसुद्धा ओरडले, "काढा त्याला, काढा आधी!" हे लिहून ठेवायला हवं.

आईच्या खांद्यापाशी लुगडं फाटलं. मागचे पाय दंडावरून घसरत मनगटापर्यंत आले आणि तीन लांब रेघा उमटल्या. आई रक्त पातळ करायची गोळी घेते. तिचं रक्त थांबेना. एक टॉवेल भिजला, दुसरा घेतला, मग दवाखाना. तरुण डॉक्टरने पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात, या गोळीवर, अशी जखम पुन्हा होऊ देऊ नका.

संध्याकाळी काकांनी निकाल दिला. राजनांदगावच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं फार्महाऊस होतं. तिथे लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या पार्ट्या होत. त्याच्याकडे ससे होते, इमू होते, आणि पाहुण्यांना गळ्यात घालून फोटो काढता येईल असं काहीतरी त्याला हवंच होतं.

"पुढच्या रविवारी घेऊन जातो मी," काका म्हणाले. "जानवर है वो, वहिनी. बच्चा नाई. गरम माल उघड्या हातानं कोणी धरत नसते."

आई खाटेवर पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "त्यानं नाई ओरबाडलं, भाऊजी. तुमी ओढलं."

तिचं बोलणं कुणी ऐकलं नाही. म्हातारी माणसं असं बोलतात, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझ्याही.

पण रात्रीचं जेवण आईने घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कारण कळलं. भाऊ गेल्यापासून ती अंगणातल्या मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, पानं आणि जास्वंदीची फुलं तोडून आधी त्याला खाऊ घालायची आणि मगच स्वतः चहा प्यायची. माझ्या भावाचा हाच सकाळचा क्रम होता. शेजारीण देवाला फुलं उरत नाहीत म्हणून कुरकुरायची. आई तोडतच राहायची. आता पट्टीमुळे तिला फांदी वाकवता येत नव्हती. ती अंगणाच्या पायरीवर नुसती बसून होती. तिचा मुलगा तर गेलाच होता. आता मुलाचं जे एक काम तिच्या हातात उरलं होतं, तेही रविवारी क्रेटमध्ये भरून जाणार होतं.

मला त्या प्राण्याची दया आली असं खोटं लिहिणार नाही. मला काकांचा राग आला. ते चहा पीत "प्रॉब्लेम को जड से हटाओ" असं कुणाला तरी फोनवर सांगत होते. मी म्हटलं, "काकाजी, आईनं उचलायचं नाही, एवढंच ना? मी उचलते. रोज उन्हात नेते, परत आणते."

काका मोठ्याने हसले. "तू? तू त पाल पाहून खुर्चीवर चढते."

"आठ दिवस द्या."

"देल्ले. रविवारी येतो अन् तुझे हात पाहतो. एक बी निशान दिसला, त जानवर माह्या क्रेटमध्ये." त्यांनी आईकडे वळून म्हटलं, "ठीक हाय ना, वहिनी?" आईने मान हलवली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी नवीन कामवालीकडे बघावं.

मी ग्रंथालयातून रजा वाढवून घेतली. आधी मी वाचणाऱ्या माणसाने करावं ते केलं, पण आमच्या ग्रंथालयात या विषयावर एक ओळही नव्हती. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात बिनबाह्यांचे बनियन घातलेले, दंडावर गोंदलेले तरुण होते. दर वाक्याला ते "दोस्तों" म्हणत आणि प्राणी कॅमेऱ्यासमोर धरून स्वतःचेच दंड दाखवत. एकाच्या हातावर जुने व्रण होते आणि तो ते बक्षिसासारखे मिरवत होता. ज्याला वारंवार ओरखडे पडतात तो शूर असतो, असा काहीतरी त्यांचा समज असावा. मला तो स्वयंपाक येत नसताना भाजलेली बोटं दाखवण्यासारखा प्रकार वाटला. मी मोबाइल बंद केला.

पहिल्या दिवशी मी पिंजऱ्याचं दार उघडून वरून हात घातला. त्याने गळ्याखालची कातडी पंख्यासारखी ताणली, अंग फुगवून आडवं केलं आणि मान झटक्याझटक्याने वरखाली केली. मी तरी हात पुढे नेला. शेपटीचा फटका मनगटाजवळच्या जाळीवर बसला; आवाज छडीसारखा होता. मी मागे सरकले.

मागून आवाज आला. आई हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"काय वं, तू त्याले कपाटातलं पुस्तक काढल्यावानी काढून राहिली. वरून बोट घालून!"

मला ते लागलं. पुस्तक वरून बोट घालून काढू नये, पाठीची शिवण फाटते, हे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना ओरडून सांगत आले आहे. शेजारची दोन पुस्तकं आत सरकवायची आणि मधलं पुस्तक मध्यावर धरायचं. मी आईला तसं सांगितलं.

"मंग त्याले बी मधातच धर ना," ती म्हणाली. "वरून घार येते. वरून येईन त्याले तो भेतेच."

"मग कुठून?"

"बाजूनं. खालून. अगोदर हात दाखव त्याले. गळा फुगवला असन त जाऊच नको. चहा पिऊन ये. अन् हा तुहा बाह्या नसलेला ब्लाउज घालून नको जाऊ. त्याचा शर्ट हाय तिथं खिळ्यावर."

पिंजऱ्यामागच्या खिळ्यावर एक मळकट निळसर कापड लटकलेलं मी रोज बघत होते. मला ते फडकं वाटलं होतं. तो प्लांटचा जुना शर्ट होता. जाड सुती, पूर्ण बाह्यांचा. मी तो अंगणातल्या उजेडात नेऊन बघितला. उजवी बाही जवळजवळ नवी होती. डावीवर मनगटाच्या थोडं वर दोन बाजूंना बारीक सुतं निघालेली होती, आणि तशीच सुतं कोपराच्या आतल्या बाजूला. दोन्हींच्या मधलं कापड घासून मऊ झालं होतं. काखेखालचा भाग चकाकत होता. डाव्या बाहीला आतून टॉवेलच्या कापडाचा थर शिवलेला होता, हाताने, वेड्यावाकड्या टाक्यांनी. माझ्या भावाला शिवता येत होतं हे मला माहीत नव्हतं.

एवढं वाचणं मला जमतं. पुढचे पाय मनगटाशी, मागचे पाय कोपराशी, पोट हातावर, शेपटी काखेत. सहा वर्षं रोज एकाच पद्धतीने. फाटलेलं असं त्या बाहीवर काही नव्हतं. नुसती झीज होती.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट घातला. बाह्या मला लांब होत होत्या. मी पिंजऱ्यापुढे बसले आणि हात त्याच्या नजरेसमोर, फांदीच्या पातळीवर ठेवला. तो बघत राहिला. मी कंटाळले. कंटाळा हाच त्यातला कठीण भाग आहे, कारण घाई दिसली की तो ताठ होतो. आई खाटेवरून सूचना देत होती आणि त्या सूचनांत थोडीही माया नव्हती.

"बोलत राय. मुकी कावून बसली? तुहा भाऊ दिवसभर बोलत जाय."

"काय बोलू?"

"तुले कोणी भाषण द्यायले सांगतलं का? भाजी काय केली ते सांग."

मी एका सरड्याला सकाळी लाल भाजी केल्याचं सांगितलं. मग तळहात त्याच्या छातीखाली सरकवला, दोन बोटं पुढच्या पायामागून घेतली आणि हात पुढे नेला, तसा तो हातावर येत गेला. शेवटी उजव्या हाताने मागचे पाय आणि शेपटीचं मूळ खालून उचललं. शेपटी स्वतः कधी धरायची नाही, आईने दहा वेळा बजावलं होतं. तुटून हातात येते. अंग कोरडं होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ऊबदार. मी त्याला अंगणात नेलं. शेजारीण तिच्या दारात हात जोडून उभी राहिली. मला की त्याला, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकांची चूक स्वतः केली. त्याला पिंजऱ्यात परत ठेवताना मागचा पाय बाहीत अडकून राहिला. माझ्याकडून हात ओढला गेला. त्याबरोबर त्याने चारही पायांनी बाही आवळली आणि नखं टॉवेलच्या थरापर्यंत रुतली.

"ओढू नको!" आई खाटेवरून उठलीच. "ओढशीन त अजून पकडते. पडून जाईन वाटते ना त्याले. उभी राय तशीच."

मी उभी राहिले. थोड्या वेळाने पकड सैल झाली. आई म्हणाली, मागच्या पायापासून सुरू कर, पाऊल बोटांच्या दिशेने थोडं पुढं ढकल, मग नख आपोआप सुटते. एक बोट, मग दुसरं. गळ काढावा तसं. सगळी नखं सुटायला किती वेळ गेला मला माहीत नाही. शर्टला दोन नवी सुतं निघाली. माझ्या हाताला काही नाही.

हात धुताना माझ्या लक्षात आलं की तेरवीच्या दिवशी नक्की काय झालं होतं. तो प्राणी आईला धरून बसला होता, एवढंच. जाड हातमोज्यात काकांना ना त्याची पकड कळली, ना स्वतःचा जोर. हातमोजे काकांच्या हातांसाठी होते. आईच्या हातांचा त्यात विचारच नव्हता. आणि मी शेजारी उभी राहून "काढा" म्हणत होते. आईने पहिल्या संध्याकाळीच हे एका वाक्यात सांगितलं होतं. शिकलेल्या मुलीला ते समजायला तीन दिवस आणि एक शर्ट लागला.

शुक्रवारी नखं कापली. भावाचा नेलकटर त्याच्या दाढीच्या डब्यात होता. प्राणी ओल्या टॉवेलमध्ये लहान मुलासारखा गुंडाळला, डोळ्यांवरही टॉवेलचं टोक घेतलं आणि एकेक पाऊल बाहेर काढलं. खिडकीकडे धरलं की नखात काळपट रेघ दिसते; ती शीर. तिच्या पुढचं पारदर्शक टोक तेवढंच कापायचं. आई एका हाताने त्याला धरून होती आणि मी चष्मा बदलत होते. एका नखाला थोडं जास्त लागलं, रक्ताचा थेंब आला. आईने आधीच वाटीत ठेवलेली हळद दाबली.

"त्याचा हात हळू होता," ती म्हणाली.

पुढची नखं अजून हळू कापली.

रविवारी काका अकराच्या सुमारास आले. स्कूटरच्या मागे दोरीने बांधलेला भाजीवाल्यांचा मोठा प्लास्टिकचा क्रेट. त्यांनी आधी मला खिडकीपाशी बोलावलं आणि माझे हात उलटेपालटे करून कोपरापर्यंत बघितले. बोटांच्या बेचक्यासुद्धा. त्यांना काही सापडलं नाही.

"शर्ट घालून धरत असशीन," ते म्हणाले. "मंग निशान कुठून येईन?"

पस्तीस वर्षं लोकांना अंगभर कपडे घाला म्हणून ओरडणारा माणूस हे बोलत होता. मी शर्ट घातला आणि त्याला पिंजऱ्यातून बाहेर आणलं. काकांनी तेवढ्यात हातमोजे चढवले होते. त्याने ते बघितले की त्यांचा वास घेतला, ठाऊक नाही. पण तो हातावरून सरसर वर चढला, कॉलर ओलांडून माझ्या मानेशी गेला आणि उघड्या कातडीवर नखं टेकवून थांबला.

काका उठले. दोन्ही हात पुढे.

"हात मागे घ्या, काकाजी." माझा आवाज ग्रंथालयातला होता, तो मला घरी वापरायची सवय नाही. "ओढायचं नाही. बसा खाली."

ते बसले नाहीत, पण थांबले. आई हळू म्हणाली, "राय तशीच." मी भिंतीवरच्या नोंदणीच्या कागदाकडे बघत उभी राहिले. मानेपाशी त्याचा श्वास लागत होता. मग मी एक पाऊल सोडवलं, पुढे ढकलून, मग दुसरं. चारही सुटल्यावर त्याला खाली हातावर घेतलं आणि आईच्या मांडीवर, टॉवेलवर ठेवलं.

काका जवळ आले आणि माझी मान बघितली. "हे पाय. रेघ हाय."

होती. मी नंतर आरशात बघितली. केसाएवढी, पांढरी, रक्त नसलेली.

"निशान म्हणजे निशान," काका म्हणाले. पण ते क्रेटकडे गेले नाहीत.

आईने पट्टीचा हात त्याच्या पाठीवर ठेवला होता. "भाऊजी, तिच्या मानेवरची त्याची हाय. माह्या हातावरच्या तीन कोणाच्या हायेत, ते सांगा अगोदर. मंग न्या त्याले."

काका पट्टीकडे बघत राहिले. त्यांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही एकमेकांत खुपसले. "मले वाटलं तुमच्या गळ्याले पकडते तो," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी चहा मागितला आणि पिऊन झाल्यावर मला सांगितलं की ही सगळी पद्धत कागदावर लिहून पिंजऱ्याशेजारी लावली पाहिजे, नंबर टाकून. मी बरं म्हटलं. लिहिलं नाही.

क्रेट ते विसरून गेले किंवा मुद्दाम ठेवून गेले. आम्ही त्यात कोमट पाणी भरून त्याला आंघोळ घालतो.

क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा दोघंही दुर्गला माझ्याकडे आली. पिंजरा माझ्या पुस्तकांच्या खोलीत आहे. दोन कपाटं बाहेर काढावी लागली. तो अजूनही एका डोळ्याने माझ्याकडे बघतो आणि अजूनही त्याला माझ्यात रस नाही. मलाही त्याच्यात नाही. रोज दुपारी कॉलेजमधून जेवायला घरी आले की मी साडीवर तो शर्ट चढवते, बाही नीट खाली ओढून घेते आणि हात फांदीच्या पातळीवर धरून बसते. मग त्याला सांगते की आज भाजी काय केली.